पाच-पाच मिनिटांचा माणूस

आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि पिण्याच्या पाण्याचं मशीन त्यांच्या खुर्चीपासून वीस पावलांवर. तरी ते गृहस्थ पाणी प्यायला तिसऱ्या मजल्यावर जात. बाटली ठेवत नसत. स्टीलचा एक पेला होता, तो घेऊन जिन्याने वर जायचे, उभ्या उभ्या पाणी प्यायचे, पेला विसळायचे आणि जिन्यानेच खाली यायचे. मी नवा नवा त्यांचा साहेब झालो तेव्हा न राहवून विचारलं, “अहो, आपल्या मजल्यावरच्या पाण्याला काय झालंय?”

“काही नाही,” ते म्हणाले. “जवळ आहे, एवढाच दोष.”

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि ते चोपन्न. आधी ते एका कारखान्यात तपासनीस होते. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर कॉम्प्युटरच्या क्लासला बसले आणि खराडीतल्या आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला आले. आम्ही कारखान्यांसाठीच सॉफ्टवेअर करायचो, त्यामुळे कारखाना आतून पाहिलेला एखादा माणूस असावा म्हणून त्यांना घेतलं होतं. टीममधली मुलं त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘काका’. मी काहीच म्हणत नसे, ‘अहो’वर भागवत असे. ते मात्र मला न चुकता ‘साहेब’ म्हणायचे, आणि ते अशा स्वरात की आपण कुठली तरी परीक्षा कॉपी करून पास झालोय असं वाटावं.

चापून पाडलेला भांग, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात वर्षानुवर्षं एकाच पद्धतीची काळी चामडी चप्पल. ऑफिसात चप्पल चालत नाही असं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी, “मग चालतं काय? इथे सगळे बसलेलेच दिसतात,” असं उत्तर दिल्याची गोष्ट मी येण्याआधीपासून प्रसिद्ध होती.

त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं ते एका केकमुळे. कुणाचा तरी वाढदिवस होता, आणि मी केक नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी गाडी लावत होतो तेव्हा ते फाटकातून आत येत होते. ते नारायण पेठेत राहायचे. बसने यायचे आणि दोन थांबे आधी उतरून उरलेलं चालायचे. मी खराडीतच राहायचो, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, आणि गाडीने यायचो. माझ्या गाडीकडे त्यांनी नीट बघितलं.

“काय साहेब, डॉक्टरांनी गाडीला फिरवायला सांगितलंय की तुम्हाला?”

मी घरी बायकोलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. अमरावतीहून पुण्याला आलो तेव्हा मी सडपातळ होतो, आठ वर्षांत खुर्चीने माझं जे करायचं ते केलं होतं, आणि गेल्याच आठवड्यात रक्तात साखर निघाली होती. रोज पंचेचाळीस मिनिटं चाला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मी त्यांना म्हणालो, “वेळ कुठाय हो? सकाळी पोरीची शाळा, रात्री अमेरिकेचे फोन.”

“बरोबर आहे. पंचेचाळीस मिनिटं एकदम मागितली तर तुम्हाला देणार कोण? वरचे साहेब देणार नाहीत, घरचे देणार नाहीत, तुम्ही स्वतः तर मुळीच देणार नाही. पाच-पाच मिनिटं चोरायची. कुणाला पत्ता लागत नाही.”

तिथून त्यांनी मला हाताशी धरलं. मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही शिकवतो असं कधी म्हटलं नाही. एके दिवशी माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक छोटा पेला आला. मोबाइल वाजला की बसून बोलायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मी विसरलो तर ते माझ्या पाठीमागून येऊन खुर्ची हलकेच मागे ओढून घेऊन जायचे. अमेरिकेतल्या माणसाशी मी अत्यंत नम्रपणे बोलत असताना मागे खुर्ची नाही हे बसताना लक्षात यायचं. एकदा मी भडकून म्हणालो, “अहो, हे काय करून राहिले तुम्ही?” तर म्हणाले, “रागावलात की अमरावती बाहेर येते तुमची. छान वाटतं ऐकायला. फोन चालू आहे तुमचा, फिरा.”

‘व्यायाम’ या शब्दाचा त्यांना तिटकारा होता. “व्यायाम म्हटलं की बूट लागतात, टी-शर्ट लागतो आणि मुख्य म्हणजे सोमवार लागतो.” आमच्या इमारतीत तळमजल्यावर काचेची जिम होती. चौथ्या मजल्यावरची मुलं लिफ्टने खाली येऊन तिथल्या पट्ट्यावर धावायची आणि लिफ्टने वर जायची. ते काचेबाहेर हात मागे बांधून उभे राहायचे आणि एखादा घामाघूम मुलगा बाहेर आला की शांतपणे विचारायचे, “पोहोचलात का कुठे?”

आणि मेल. एकाच इमारतीतल्या माणसाला मेल पाठवणं म्हणजे शेजारच्या काकूंकडे पोस्टाने वाटीभर साखर मागणं, असं ते म्हणायचे. काही विचारायचं असलं की उठून जायचे. त्यामुळे ते जागेवर फारसे नसायचे. आमच्या टीममधली एक तरतरीत मुलगी दर दोन दिवसांनी माझ्याकडे यायची. “सर, काका परत गायब! इश्यू अर्जंट आहे आणि ते थर्ड फ्लोअरला गप्पा मारत उभे आहेत. धिस इज सो अनफेअर!”

त्या गप्पांचं काय व्हायचं ते मला माहीत होतं. एकदा एका कारखान्याच्या मालाचे आकडे जुळत नव्हते. आमची टीम आणि तिसऱ्या मजल्यावरची टीम चार दिवस एकमेकांना मेल पाठवत होत्या. प्रत्येक मेल आधीच्यापेक्षा सभ्य आणि विषारी होत चालला होता. हे पेला घेऊन वर गेले, तिथल्या एका मुलाच्या खुर्चीमागे उभे राहून त्याच्या पडद्याकडे बघत पाणी प्यायले आणि खाली येऊन मला म्हणाले, “साहेब, कारखान्याचा दिवस पहिल्या पाळीला, सकाळी सातला सुरू होतो. तुमच्या कॉम्प्युटरचा रात्री बाराला. मधल्या सात तासांचा माल इकडे एका तारखेला पडतो आणि तिकडे दुसऱ्या.” चार दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं. वरच्या साहेबांचा अभिनंदनाचा मेल आला तो माझ्या नावाने. मी त्याला उत्तर देताना ‘टीमचे श्रेय’ असं लिहिलं. त्यांचं नाव लिहायला काय झालं होतं, कोण जाणे.

दुपारी डबा खाल्ला की इमारतीला तीन फेऱ्या. मी आणि ते. मागच्या बाजूला एक चहाची टपरी होती. टपरीवाले तिथल्याच जुन्या गावचे, इमारती उभ्या होत्या ती जमीन कधीकाळी त्यांच्याच भावकीची. आम्ही दिसलो की ते ओरडायचे, “कितवी हाय साहेब? आमी बी असंच बांधावरनं फिरायचो हितं, पन मागं बैल असायचा!” हे लगेच म्हणायचे, “आमच्याही मागे आहे. मला साहेब म्हणावं लागतं त्याला.” मी हसायचो. त्या फेऱ्यांत आम्ही काम सोडून सगळं बोललो. मी वडिलांबद्दल बोललो, फ्लॅटच्या हप्त्यांच्या भीतीबद्दल बोललो. आपण पुण्यात आठ वर्षं राहूनही पाहुणेच आहोत असं मला वाटतं, हेसुद्धा सांगितलं. ते म्हणाले, “पुण्यात जन्मलेल्यांनाही तसंच वाटायला लावतो आम्ही. मनाला लावून घेऊ नका.”

पाच महिन्यांत माझी साखर ताळ्यावर आली. डॉक्टरांनी विचारलं, पंचेचाळीस मिनिटं कशी काढली? मला ती काढलेली आठवतच नव्हती. तो रिपोर्ट मी सगळ्यात आधी त्यांना दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून तारखेपासून सहीपर्यंत वाचला आणि “ठीक,” म्हणाले. कारखान्यात तपासलेल्या मालावर ते एवढंच लिहीत असणार. बायको म्हणाली, “अहो, त्यांना एकदा जेवायला बोलवा ना घरी. जोडीने बोलवा.” मी बोलावतो म्हणालो. दोन वर्षं म्हणत राहिलो.

मग अमेरिकेत मंदी आली. आमच्याकडे ती आधी चहाच्या मशीनमधून आली, म्हणजे मशीनच गेलं. नंतर वरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“प्रत्येक टीममधून एक नाव पाहिजे. रीझन सॉलिड हवं, उद्या कुणी क्वेश्चन करायला नको. डेटा घेऊन या. आणि नाव आलं नाही तर मला तुमच्याबद्दल विचार करावा लागेल, यू अंडरस्टँड.”

टीममध्ये सात जण होते. त्या रात्री झोप लागली नाही वगैरे मी लिहू शकेन, पण ते खोटं होईल. मला ते नाव केबिनच्या दाराबाहेर पडता पडताच सुचलं होतं. ते कामात कमी होते म्हणून नाही. बाकीच्या सहांपैकी कुणाचंही नाव दिलं असतं तर ते माझ्याशी भांडले असते, रडले असते, वर जाऊन तक्रार केली असती. हे भांडणार नाहीत याची मला खात्री होती. खरं कारण एवढंच, आणि ते आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

डेटाही तयारच होता. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याचं दार कार्डाने उघडायचं, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. कोण किती वाजता बाहेर पडलं आणि किती वाजता परत आलं, याची नोंद आपोआप होत असे. मी त्यांच्या कार्डाची महिन्याची नोंद मागवली. पानंच्या पानं होती. पाण्याला गेले ते, फोन घेऊन गेले ते, कुणाला काही विचारायला गेले ते, आणि रोज दुपारी एक पस्तीसला बाहेर, दोन पाचला आत. माझं कार्ड काढलं असतं तर त्यातही एक पस्तीस आणि दोन पाचच निघालं असतं. मी माझं काढलं नाही.

पानं छापायची होती. आमच्या मजल्यावरचा प्रिंटर भर माणसांत होता, येणारा-जाणारा डोकावणार. म्हणून मी ती तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरवर पाठवली. रोज ज्या माणसाबरोबर फिरत होतो तो आपला प्रत्येक कागद मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर छापतो, कारण तो लांब आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. मी घाईघाईने लिफ्टपाशी गेलो. लिफ्ट यायला वेळ लागला. वर पोहोचलो तर प्रिंटरचा ट्रे रिकामा. मी तिथल्या दोघांना विचारलं. कचऱ्याचा डबासुद्धा पाहिला.

खाली आलो तेव्हा पानं माझ्या टेबलावर होती. कोरी बाजू वर करून, कडा जुळवून नीट ठेवलेली. ते आपल्या जागेवर बसले होते. पडद्यावरून मान न वळवता म्हणाले, “तुमचे कागद वर पडले होते, साहेब. सुटे होते, म्हणून टाचले.”

मी पानं उलटली. तिसऱ्या पानावर एका ओळीला पेन्सिलीने बारीकशी खूण होती आणि तिच्यापुढे तपासनिसाच्या सुबक अक्षरात दोन शब्द. ‘ही तुमची.’ चाळीस मिनिटांची नोंद होती. तारीख बघितली आणि आठवलं. त्या दिवशी मी माझं कार्ड घरी विसरलो होतो, आणि साखरेचा नवा रिपोर्ट आणायला जाताना त्यांचं घेऊन गेलो होतो. त्यांनी दुसरं काही लिहिलं नव्हतं. बाकीची सगळी पानं त्यांना मान्य होती. तेवढी एक ओळ त्यांची नव्हती, म्हणून त्यांनी चूक दाखवली.

एक पस्तीसला ते माझ्या टेबलाशी आले. “फेरी?”

“आज जरा काम आहे,” मी म्हणालो.

ते एकटे गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. एक फेरी, दुसरी, तिसरी, नेहमीच्याच चालीने. मला खाली जाता आलं असतं. त्यांना तोंडावर सांगता आलं असतं, माफी मागता आली असती, निदान शिव्या खाता आल्या असत्या. मी टीममधल्या त्या मुलीकडून खोडरबर मागून घेतलं आणि तिसऱ्या पानावरचे दोन शब्द खोडले. खूण हलक्या हाताने केली होती, सहज गेली.

चारला वरच्या साहेबांनी पानं चाळली. “माय गॉड, हा माणूस एवढा वेळ असतो कुठे?”

त्या प्रश्नाचं उत्तर जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. “कल्पना नाही,” मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी त्यांचा शेवटचा दिवस होता. कार्ड सकाळीच काढून घेतलं होतं, आणि जाणाऱ्या माणसाला त्याच्या साहेबाने फाटकापर्यंत पोहोचवायचं असा नियम होता. दार आलं की ते बाजूला उभे राहायचे आणि मी माझं कार्ड लावायचो. आम्ही जिन्याने उतरलो. फाटकाशी त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, “दर तीन महिन्यांनी तपासत जा.” मग ते निघाले. पुढचा बसथांबा समोरच होता, तिथे ते थांबले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी कंपनीला आरोग्याचा झटका आला. कुणीतरी माझी साखर, माझं पोट, माझा जिना हे सगळं वर सांगितलं, आणि नव्या मुलांपुढे भाषण द्यायला मला उभं करण्यात आलं. मी उभा राहिलो. व्यायामाला सोमवार लागतो, असं म्हणालो. मुलं हसली. पंचेचाळीस मिनिटं मागू नका, पाच-पाच मिनिटं चोरा, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात जिन्याच्या भिंतीवर ते वाक्य रंगीत अक्षरांत लागलं आणि खाली माझं नाव. मी लिफ्टने जाऊ लागलो.

त्यांचा पत्ता जुन्या फाइलीत होता. नारायण पेठेतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी दोनदा परत आलो. तिसऱ्या वेळी, एका रविवारी सकाळी, मी घरून बायकोला सांगून निघालो. काय झालं होतं ते तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “जा. आणि सगळं सांगा. पानं कुणी दिली ते सांगा, खोडलंत ते सांगा.” वाटेत मी वाक्यं जुळवली. त्यांनी दार लावून घेतलं तरी जिन्यात उभं राहून बोलायचं, असं ठरवलं.

बिनलिफ्टची इमारत, तिसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. केस पिकले होते, बाकी तेच. “या साहेब,” म्हणाले, जणू मी चहाला येणार होतोच. हल्ली बिबवेवाडीत दोन छोट्या वर्कशॉपांत माल तपासायला जातो, म्हणाले. एकातून दुसऱ्यात चालत वीस मिनिटं लागतात, ते बरं पडतं. मी खुर्चीच्या टोकावर बसलो होतो.

“अहो, मला तुम्हाला एक सांगायचं होतं,” मी सुरुवात केली.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“तुम्हीच ना ते खराडीचे साहेब? किती दिवस यांना म्हणतेय, एकदा घरी बोलवा त्यांना. यांनी सगळं सांगितलंय मला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

“यांचा स्वभाव हट्टी. एवढी चांगली नोकरी, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाले, दिवसभर बसून कंटाळलो, सोडली. मी तर रडले हो तेव्हा. पण तुम्ही म्हणे फार समजावलंत. सोडू नका म्हणून फाटकापर्यंत मागे आलात. एवढं कोण करतं आजकाल?”

त्यांची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ हलली नाही. एवढी वर्षं त्या बाईंनी जे खरं मानून त्यांच्याबरोबर संसार केला होता, ते आता माझ्या तोंडात होतं. मी खरं बोललो असतो तर मला मोकळं वाटलं असतं. त्यांचं काय झालं असतं, ते मला त्या पाठीवरून कळलं.

“हो वहिनी,” मी म्हणालो. “फार समजावलं. पण ऐकलंच नाही त्यांनी.”

“यांचं असंच,” त्या म्हणाल्या. बशी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.

मी तो घेतला.